‘पिक्चर बघून ह्येचां डोक्यां फिरलां’

कुडाळमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते अर्धवट उच्चारले गेले तरी पुढचे शब्द मला ठाऊक असतात. पिक्चरच्या जागी कधी मालिका असते, कधी मोबाईलवरचे एखादे प्रेरणादायी भाषण असते, तर कधी कोणा क्रिकेटपटूची मुलाखत असते. फिरलेले डोके बहुतेक वेळा वीस ते तीस या वयातल्या मुलाचे असते आणि क्वचित सासूचेही असते. पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीतून घरातल्या कोणीतरी आयुष्याचा धडा घेतला आहे, तो धडा चुकीचा आहे आणि आता तो कसा पुसायचा, ही घरच्यांची काळजी मात्र सगळीकडे सारखीच असते.

या प्रश्नाला मी बरीच वर्षे एक ठरावीक उत्तर देत असे. बघण्याचे तास कमी करा, जेवताना टीव्ही बंद ठेवा, सिनेमा आणि खरे आयुष्य यांतला फरक शांतपणे समजावून सांगा, असे ते उत्तर होते. ते अगदीच चूक होते असे नाही, पण सिनेमातून माणूस नेमका कोणता धडा घेतो हे आपल्याला आधीच कळले आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. ते आपल्याला कळलेले नसते, हे मला एका काजू फोडणाऱ्या तरुणामुळे उमगले. त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव मी येथे देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे लिहिण्यास त्याची आणि त्याच्या वडिलांची, दोघांचीही संमती आहे.

पहिल्या भेटीला आईवडील दोघेच आले होते. वडील एसटीत 31 वर्षे कंडक्टर होते आणि बोलतानाही ते मुद्दे वेबिल भरल्यासारखे ओळीने मांडत होते. मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती. गोव्यातल्या एका औषध कारखान्यात त्याला कायमची नोकरी होती, राहायला खोली होती आणि पगार वेळेवर होत होता. तीन वर्षांनी एका रविवारी तो घरी आला आणि आपण राजीनामा दिल्याचे त्याने जेवणाच्या पानावर सांगितले. त्यानंतर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून त्याने कर्ज काढले, कारण तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के आणि कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत होते. त्या पैशांतून घरापासून दोनशे पावलांवर असलेल्या जुन्या मांगरात, म्हणजे गोठेवजा खोपटात, त्याने काजूगर काढण्याचे छोटे युनिट उभे केले. या गोष्टीला चौदा महिने झाले होते आणि अजून हप्ता भरण्यापुरतेही पैसे नीट सुटत नव्हते. नोकरी सोडण्याआधी मुलगा एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघत असे, असे त्याच्या खोलीतल्या मित्राने वडिलांना सांगितले होते. त्या सिनेमातला नायक साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवतो, मनाचे ऐकतो आणि शेवटी यशस्वी होतो, एवढी माहिती वडिलांनी मिळवली होती. त्यांनी स्वतः तो सिनेमा पाहिला नव्हता. आई या सगळ्या वेळात एकच वाक्य बोलली. घरात बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत आणि जेवणाची पाने आपल्याला दोन वेळा वाढावी लागतात, असे तिने सांगितले.

दुसऱ्या आठवड्यात मुलगा एकटा आला. अशा वेळी सिनेमाचा विषय काढण्याआधी मी झोप, भूक, वजन, दारू आणि जगणे नकोसे वाटण्याचे विचार यांविषयी सरळ शब्दांत विचारते. कर्ज, अपयशाची भावना आणि घरातला अबोला एकत्र आले की, माणूस कोणत्या टोकाशी उभा आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. त्याची झोप बिघडली होती, पण मरणाचे विचार त्याच्या मनात नव्हते. तसे असते तर मी त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तरीही टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा विनामूल्य क्रमांक मी त्याच्या वहीत लिहून दिला, आणि तो मी प्रत्येकालाच देते.

त्यानंतर मी जे केले ते माझ्या व्यवसायातल्या कोणालाही करण्याचा मोह होईल असेच होते. सिनेमात दहा वर्षांची धडपड एका गाण्यात उरकते, नायकाचे कर्जाचे हप्ते आपल्याला दिसत नाहीत, हजारांत एखादाच यशस्वी होतो आणि सिनेमा त्या एकावरच निघतो, हे सगळे मी त्याला नीट समजावले. मग नोकरी आणि धंदा यांचे फायदे-तोटे दोन रकान्यांत लिहून आणायला सांगितले. त्याने ते सुवाच्य अक्षरात लिहून आणले, माझ्या प्रत्येक मुद्द्याला मान डोलावली, आभार मानले आणि पुढचे पाच आठवडे तो फिरकला नाही. मुलाला समजावून सांगण्यासाठी त्याचे वडील चौदा महिने घरात हजर होतेच. मी त्यात आणखी एका वडिलांची भर घातली होती, एवढेच.

तो परत आला तो आईच्या आग्रहाने, आणि येताना कागदाच्या पुडीत मूठभर काजूगर घेऊन आला. या वेळी मी त्याला धंद्याविषयी आणि सिनेमाच्या तात्पर्याविषयी काहीही विचारले नाही. मी फक्त म्हणाले, ‘‘तू तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचास असे ऐकले. पूर्ण बघायचास की एखादाच भाग?’’ तो थोडा ओशाळला आणि म्हणाला की, पूर्ण सिनेमा त्याने दोनदाच पाहिला होता, बाकी सगळ्या वेळा एकच प्रसंग पाहिला होता. राजीनाम्याचा प्रसंग असणार, निदान शेवटच्या सत्काराचा तरी असणार, असे मी मनात धरून चालले होते.

तो प्रसंग निराळाच होता. नायकाचा कारखाना अजून चालू लागलेला नाही, आत एक यंत्र उघडे पडलेले आहे, आणि नायकाचे वडील न कळवता तेथे येतात. ते दारात चपला काढतात, आत येतात, यंत्रावरून हात फिरवतात आणि एका खोक्यावर बसून मुलाच्या डब्यातली भाकरी मोडून खातात. पूर्ण प्रसंगात एकही संवाद नाही. ‘‘चाळीस सेकंदांचा आहे,’’ तो म्हणाला. किती सेकंदांचा आहे हेसुद्धा त्याला पाठ होते.

नोकरी सोडण्याचा निर्णय त्याने त्या सिनेमावरून घेतलेलाच नव्हता. कारखान्यातल्या पाळ्यांनी त्याची तब्येत बिघडत होती, काजूचा हिशेब तो दोन वर्षांपासून मांडत होता आणि राजीनाम्याचा दिवसही त्याने कॅलेंडर बघून ठरवला होता. सिनेमातून त्याने घेतला होता तो एक प्रश्न: माझे वडील कधी येतील? मांगर घरापासून दोनशे पावलांवर होता आणि इतक्या महिन्यांत वडिलांनी तेथे एकदाही पाऊल टाकले नव्हते.

माझ्या पिढीच्या लोकांना दूरदर्शनवरची 1984 सालची ‘हम लोग’ ही मालिका आठवत असेल. कुटुंबनियोजन, स्त्रियांचा दर्जा, दारूचे दुष्परिणाम असे विषय लोकांपर्यंत पोहोचावेत या उघड हेतूने ती तयार केली होती, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार स्वतः येऊन त्या भागातून काय घ्यायचे ते समजावून सांगत असत. एवढी तजवीज करूनही काय झाले, ते अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संज्ञापन-अभ्यासकांच्या संशोधनातून पुढे आले. सगळे निमूटपणे सोसणारी भागवंती ही आई, अशी होऊ नका हे दाखवण्यासाठी रंगवली होती, पण अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. दर भागाला खुद्द अशोककुमारांनी तात्पर्य सांगूनही जर लोक आपल्याला हवे तेच उचलत असतील, तर शेजारच्या खोलीत बसलेल्या मुलाने सिनेमातून काय उचलले, हे आपण त्याला न विचारता कसे ठरवणार?

याचा अर्थ पडद्यावरचे सगळे निरुपद्रवी असते असा मी काढत नाही. मुलीने नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करत राहिले तर ती शेवटी हो म्हणते, हा धडा सिनेमांतून घेऊन बसलेली मुले माझ्याकडे आलेली आहेत. तेथे मी कोणता प्रसंग आवडतो हे विचारत बसत नाही. तो गुन्हा आहे, मुलगी घाबरलेली आहे आणि हे आजपासून थांबले पाहिजे, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. बाकीचे बोलणे त्यानंतर. मात्र ‘डोके फिरले’ म्हणून माझ्याकडे आणलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत कोणालाही इजा झालेली नसते, फक्त घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा निराळे काहीतरी घडलेले असते.

त्या दिवशी त्याने पुडी उघडून काजूगर टेबलावर मांडले आणि मी न विचारताच समजावायला लागला. डाव्या बाजूला अख्खे गर होते, मधे पाकळ्या, म्हणजे दुभंगून दोन भाग झालेले गर, आणि उजवीकडे तुकडा. अख्ख्या गरांतही प्रती असतात. 320 नंबरचा गर म्हणजे ज्याचे 300 ते 320 नग एका पौंडात बसतात तो, आणि आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. साधारण चार किलो बियांतून एक किलो गर निघतो. बी वाफेवर कमी उकडली तर टरफल नीट सुटत नाही आणि गर कटरखाली दुभंगतो. जास्त उकडली तर गराचा रंग जातो. अख्ख्याची पाकळी झाली की भाव उतरतो, त्यामुळे फायदा आणि तोटा यांतले सगळे अंतर त्या एका फटीत मावते, असे तो म्हणाला, आणि नखाने एका गराची फट उघडून दाखवली. त्याची बोटे पेरांपर्यंत काळवंडलेली होती. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून फोडणारे हाताला राख किंवा खाद्यतेल लावून बसतात, तरी ते थोडेफार लागतेच. हे सगळे तो वीस मिनिटे बोलत होता आणि त्या वीस मिनिटांत तो मला अजिबात हताश वाटला नाही. हे सगळे घरी कोणाला सांगितले आहेस का, असे विचारल्यावर मात्र तो गर पुन्हा पुडीत भरू लागला.

यानंतर मी वडिलांना एकटे बोलावले. मुलाने सांगितलेला प्रसंग त्यांना सांगण्याचा मला अधिकार नव्हता. घरच्यांनी मला फोन करून ‘तो काय म्हणाला’ असे कितीही विचारले तरी मी ते सांगू शकत नाही, हे अनेकांना आवडत नाही, पण ते तसेच राहणार. म्हणून मी त्यांना त्यांच्याविषयीच विचारले. तुम्ही तरुणपणी काय बघत होता, असे मी सहज म्हणाले आणि उत्तर ऐकून खुर्चीत सावरून बसले. ते बघत नव्हते, ते करत होते. एसटीत लागण्यापूर्वी त्यांनी दशावताराच्या एका कंपनीत सहा हंगाम स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका, केली होती.

जे वाचक दक्षिण कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पालखी फिरून आल्यावर देवळापुढे दशावतार उभा राहतो आणि तो पहाटेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणती भूमिका करायची एवढे ठरले की, पुढचे संवाद नट उभ्या-उभ्या रचतात. नट स्वतःच स्वतःचे तोंड रंगवतो आणि सकाळी स्वतःच ते पुसतो. पूर्वी गाड्या नव्हत्या, तेव्हा रात्री ज्याने राजाचा मुकुट घातला तोच सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरत असे. ‘रातीक राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण त्यातून आली आणि ती आमच्याकडे नाटकाबाहेरही वापरली जाते. मुलाने राजीनाम्याची बातमी सांगितली तेव्हा वडिलांनी त्याला हीच म्हण ऐकवली होती, आणि चौदा महिन्यांच्या अबोल्यापूर्वीचे ते त्यांचे शेवटचे वाक्य होते.

सहा हंगाम झाल्यावर त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून वचन घेतले होते की, चेहऱ्याला पुन्हा रंग लावायचा नाही आणि एसटीच्या भरतीला जायचे. ते त्यांनी पाळले. कोणती भूमिका आवडायची, या प्रश्नावर ते लगेच म्हणाले, ‘‘तारामती.’’ हरिश्चंद्राने दिलेला शब्द पाळला, राज्य गेले, बायको-मुलगा विकला तरी पाळला, हे ते मला सांगू लागले. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आख्यान पूर्ण आठवते की एखादाच प्रसंग? ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितले की, साप चावून मेलेल्या रोहिदासाला घेऊन तारामती स्मशानात येते, तो प्रसंग पहाटेच्या सुमारास येत असे. रोहिदासाचे काम करायला त्याच गावातले एखादे चार-पाच वर्षांचे पोर घेत, आणि त्या वेळेपर्यंत ते पोर खरोखरच गाढ झोपलेले असे. ते म्हणाले, ‘‘निजलेलां पोर जाग्यापरीस जड लागतां, मॅडम.’’ मशाणाचा कर मागणारा हरिश्चंद्र समोर उभा असे, तो आपल्याच मुलाला ओळखत नसे, आणि त्या वेळी तोंडून काय निघून जाई ते दुसऱ्या दिवशी आपल्याला सांगता येत नसे.

शब्द पाळण्याचा धडा त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवला होता आणि आख्यानात तो होताही. त्यांच्या अंगात मात्र चाळीस वर्षांनंतरही त्या निजलेल्या पोराचे वजन होते. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. तसे करण्याचा मोह फार झाला होता, हे कबूल करते.

त्यानंतरची भेट बापलेकांची एकत्र ठेवली. जेकब मोरेनो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोनाट्य नावाची उपचारपद्धती विकसित केली. तिच्यात भूमिकांची अदलाबदल करण्याचे एक तंत्र आहे, ज्यात दोघांनी खुर्च्या बदलायच्या आणि एकमेकांच्या जागेवरून बोलायचे. मी ते जपूनच वापरते, कारण अनेकांना ते पोरकट वाटते. पण येथे समोर सहा हंगामांचा अनुभव असलेला नट बसला होता.

मुलगा वडिलांच्या खुर्चीत बसला आणि त्याने एकदम सुरुवात केली. मान तशीच वाकडी करून, चष्मा नाकावर ओढल्याचा आविर्भाव करून, त्याने ‘रातीक राजा, सकाळी डोक्यार बोजा’ पासून कायमच्या नोकरीचे महत्त्व, भविष्यनिर्वाह निधी आणि शेजाऱ्यांच्या मुलाने मुंबईत घेतलेली खोली इथपर्यंत सगळे इतके हुबेहूब म्हणून दाखवले की, वडिलांना हसू आवरेना. मग वडिलांची पाळी आली. त्यांनी आवाज तरुण केला, खांदे पाडले, ‘‘बाबा, माका...’’ अशी सुरुवात केली आणि ते थांबले. पुन्हा एकदा प्रयत्न केला. ज्या माणसाला रात्रभर संहितेवाचून कधी शब्द कमी पडला नव्हता, तो माझ्या खोलीत तिसऱ्या शब्दाला अडकला होता. अखेर स्वतःच्या आवाजात, माझ्याकडे बघून ते म्हणाले, ‘‘ह्येका काय बोलूचां आसा, तांच माका म्हायत नाय.’’

मुलाला वडिलांचे सगळे संवाद पाठ होते, आणि मुलाचा संवाद वडिलांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

त्यानंतर काही मिनिटे कोणीच बोलले नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. मग मुलाने खिशातून मोबाईल काढला, तो चाळीस सेकंदांचा प्रसंग लावला आणि मोबाईल वडिलांच्या हातात दिला. मी त्याला तसे सुचवले नव्हते. वडिलांनी तो एकदा पाहिला आणि पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी नटाच्या नजरेने एकच शेरा मारला की, हा माणूस भाकरी मोडताना जास्त वेळ घेतो, आणि मोबाईल परत दिला. कोणी रडले नाही, कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही. जाताना दोघे एकाच स्कूटरवरून गेले, पण ते आलेही तसेच होते.

त्या भेटीनंतर मी माझ्या कामात एक बदल केला. ‘सिनेमाने बिघडवले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिल्यांदा हे विचारते की, ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याशेजारी बसून तुम्ही ती गोष्ट कधी पाहिली आहे का. बहुतेकांनी पाहिलेली नसते, त्यांनी तिचे सार कोणाकडून तरी ऐकलेले असते. शक्य असेल तर एक भाग सोबत बघा, मधे टीका करू नका, आणि संपल्यावर ‘तुला यातून काय शिकायला मिळाले’ असे शाळामास्तरासारखे न विचारता ‘तू कुठे थांबतोस’ किंवा ‘यातल्या कोणाची तुला काळजी वाटते’ एवढेच विचारा, असे मी सुचवते. सुनेवर संशय घेऊ लागलेल्या एका सासूबाईंच्या बाबतीत असे विचारल्यावर कळले की, मालिकेतल्या कारस्थानी बायकांकडे त्यांचे लक्षच नव्हते. घरातल्या ज्या म्हाताऱ्या आत्याला कोणी जेवायला हाक मारत नाही, ती पडद्यावर आली की त्या पुढे सरकून बसत. त्या घरातला प्रश्न टीव्ही बंद करून सुटणारा नव्हता.

धंद्याचे म्हणाल तर तो अजून सावरलेला नाही, आणि सिनेमासारखा शेवट मी येथे लिहू शकत नाही. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेरीपासून मेपर्यंत असतो. वर्षभराची बी भरून ठेवण्याइतके भांडवल लहान युनिटवाल्याकडे नसते आणि पावसाळ्यात गर वाळवणे जिकिरीचे होते. म्हणून गेल्या जूनपासून त्याने चार महिने कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम धरले. ही गोष्ट त्याने मला खाली मान घालून सांगितली, जणू ती हार होती. हप्ता भरला का, असे मी विचारले. भरला होता.

वडील मांगरात गेले ते त्याआधी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. आमची एकत्र भेट होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मुलाने मला ते नंतर सांगितले, आणि सांगताना तो बराच चिडलेला होता. दुपारची वेळ होती, तो कटरवर बसला होता, दारात सावली पडली म्हणून त्याने मान वर केली, तर वडील उंबऱ्याशी उभे होते आणि एका हाताने दाराची चौकट धरून चपला काढायला वाकले होते. तो ओरडला, ‘‘बाबा, चपला काढू नकात, खाली तेल आसा!’’ टरफलाच्या तेलाने तेथली जमीन चिकट झालेली असते आणि अनवाणी पायाला ते पोळते. वडील तसेच चपला घालून आत आले, यंत्राला हात न लावता ते सगळीकडे नजर फिरवत राहिले, आणि मग ते जे बोलले त्यानेच हा चिडला होता.

‘‘पाकळी किती पडता?’’

इतक्या महिन्यांनी आले, आणि पहिला प्रश्न काय, तर नुकसान किती होते. मुलगा मला हे पुन्हा पुन्हा सांगत होता. मी विचारले, ‘‘मग तू काय सांगितलेस?’’

‘‘खरां तां सांगितलंय. शंभरात अठरा.’’

‘‘आणि ते काय म्हणाले?’’

काही म्हणाले नाहीत, असे तो म्हणाला. फळीवरची हिशेबाची वही त्यांनी खाली घेतली, खिशातले पेन काढले आणि खोक्यावर बसून ते रकाने आखू लागले.